तीन बॉलवालं स्पायरोमीटर, अन्ननलिकेच्या ऑपरेशनआधी जरूर घ्या

बाबांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं तेव्हा हे श्वासाच्या व्यायामाचं साधन नौपाड्यातल्या एका मेडिकलमधून घेतलं. दुर्बिणीतून आहे म्हणजे छातीचं टेन्शन नाही असं बरेच जण म्हणतात, पण तसं नाहीये, न्यूमोनियाचा धोका कमी होतो, संपत नाही, कारण ऑपरेशनच्या वेळी बऱ्याचदा एका फुफ्फुसाची हवा बंद ठेवतात आणि नंतर दुखतं म्हणून पेशंट खोल श्वासच घेत नाही, खोकत नाही, मग कफ साचतो. वय, सिगारेट-बिडी, सीओपीडी (श्वासनळ्या आकसण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार), खाता न आल्यामुळे उतरलेलं वजन, या सगळ्याने रिस्क वाढते. आवाजाची नस दुखावली तर अजूनच, खोकला नीट येत नाही आणि ठसका लागून थुंकी-पाणी फुफ्फुसात जातं. बाबांची बिडी कित्येक वर्षांची, म्हणून जास्त काळजी.

आता वस्तूबद्दल. 600, 900, 1200 असे आकडे आहेत, सेकंदाला किती मिली हवा ओढली ते. ताठ बसून हवा हळू आत ओढायची, फुंकायचं नाही! बॉल वर गेले की बाबांना हुरूप येतो, ही यातली सगळ्यात भारी गोष्ट. नळी मात्र आखूड आहे आणि सूचना फक्त इंग्लिशमध्ये, हे चुकीचंच आहे, वापरणारे आपले आई-बाबाच असतात ना. फिजिओकडून एकदा समोर करून घ्या, चालणं आणि बिडी बंद करणं पण ऑपरेशनच्या आधीच सुरू करा, एकट्या या डब्याने भागत नाही. पाचपैकी चार स्टार.