मार्बल फिनिश टाईल्स, दुकानात एक नंबर पण घरी काजूच काजू (३ स्टार)

हॉलसाठी दोन बाय दोनच्या मार्बल फिनिश टाईल्स घेतल्या, पांढऱ्यावर बारीक करड्या शिरा, पॉलिश मस्त, एकही पीस वाकडा नाही, डिलिव्हरी वेळेत. मग ३ स्टार का, तर काजूमुळे.

या डिझाइनचे प्रिंट चारच, मग परत तेच. त्यातल्या एकावर कोपऱ्याजवळ काजूसारखा तपकिरी डाग आहे. दुकानात एकच पीस हातात धरला तेव्हा तोच डाग बघून बायको म्हणाली, अगदी ओरिजिनल वाटतंय. मिस्त्रींनी मागचे बाण बघून सगळ्या एकाच दिशेने बसवल्या आणि आता दारातून आत आलं की आधी काजू दिसतात, सोळा, तिरक्या ओळीत!! खाली बसून बघाल तर टाईल सुंदरच आहे.

पैसे गेल्यावर माणूस वाचायला लागतो तसं मीही वाचलं. अमेरिकेत बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत बेला युलेस म्हणून संशोधक होते, मूळचे हंगेरीचे, त्यांनी हेच तपासलं की कुठला पॅटर्न आपोआप डोळ्यात भरतो आणि कुठला शोधावा लागतो. म्हणजे इंग्रजी एलच्या गर्दीत अधिकची (+) चिन्हं टाकली की तेवढा तुकडा झटकन वेगळा दिसतो, पण टी टाकले तर एकेक अक्षर बघत बसायचं, रेघा सगळ्यांत दोन-दोनच असूनही. रेघेची दिशा, लांबी, रंग, तिची टोकं, छेद असल्या गोष्टी नजर न शोधता टिपते, त्यांना त्यांनी १९८१ च्या रिसर्च पेपरात टेक्स्टॉन म्हटलंय. माझा काजू म्हणजे करड्या बारीक रेघांत एक जाड तपकिरी ठिपका, तो दिसणारच की. आजोळच्या मोझॅकमध्ये सगळेच खडे रंगीबेरंगी, लहानमोठे, त्यामुळे एकही वेगळा उठून दिसायचा नाही, आमची हरवलेली गोटीसुद्धा सापडायची नाही त्यात.

तर घेणार असाल तर सेल्समनदादांना अख्खे दोन-तीन बॉक्स जमिनीवर मांडायला लावा, कुरकुर करतील, करू देत. दहा फूट मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. आणि मिस्त्रींना आधीच सांगा की बाणाचं ऐकू नका, टाईल फिरवून फिरवून बसवा.

दुकानात जाऊन बोललो तर म्हणाले, साहेब डिझाइनच तसं आहे. सध्या चार काजूंवर सोफा आलाय, दोन टीपॉयखाली गेलेत, बाकीच्यांसाठी सतरंजी बघतोय, प्लेन.