रॅचेट पान्यांचा बनावट सेट: वरून क्रोम चकाचक, आत कच्चं लोखंड

रॅचेट पाना, म्हणजे एका दिशेने नट फिरवणारा आणि उलट दिशेने नुसता कटकट करत मोकळा फिरणारा पाना. त्यात फसवणूक करणं सोपं जातं, कारण त्याचं खरं काम रिंगच्या आत झाकलेलं असतं. साधा रिंग पाना हातात घेतला की निम्मी पारख डोळ्यांनीच होते. इथे दात्यांचं चक्र, त्यात अडकणारा खटका म्हणजे पॉल, पॉलला रेटणारी बारीक स्प्रिंग, सगळं क्रोमच्या आड. विकणाऱ्याने याचाच फायदा घेऊन मला बनावट सेट गळ्यात मारला. नवीन सेट घेणाऱ्यांनी हे वाचावं, कारण यात पैसे तर जातातच, पण हातही जायबंदी होऊ शकतो.

८ ते १९ मिलिमीटरचा कॉम्बिनेशन सेट मी ऑनलाइन मागवला होता. एका टोकाला उघडा जबडा, दुसऱ्या टोकाला रॅचेट रिंग. नाव एका नामांकित कंपनीचं, वर लिहिलेलं ‘७२ दाते, क्रोम व्हॅनेडियम, आजीवन गॅरंटी’. क्रोम व्हॅनेडियम म्हणजे पान्यांसाठी वापरतात ते मजबूत मिश्र पोलाद. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘स्वस्तात घेतलं म्हणून फसले’ असं लोक पटकन बोलून मोकळे होतात. हुशार ठग आपला माल खऱ्या मालापेक्षा थोडाच खाली विकतो.

सुरुवातीला काहीच कळलं नाही. १० चा पाना एम-६ (६ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टवर, १३ चा एम-८ वर, म्हणजे कव्हर, क्लॅम्प, ब्रॅकेट अशी हलकी कामं. तेवढा ताण कसलंही लोखंड सोसतं. माल परत करायची मुदत त्यातच निघून गेली, आणि असल्या विक्रेत्यांचा सगळा हिशेब त्या मुदतीवरच असतो.

मग सस्पेन्शनचा एक बोल्ट काढताना १७ चा पाना लागला. जाम बोल्टचा पहिला झटका रॅचेटने द्यायचा नसतो, म्हणून तो लांब दांड्याच्या साध्या रिंग पान्याने सैल केला होता. उरलेले आटे मध्यम घट्ट होते आणि ते रॅचेटने काढणं हे त्याचंच काम. चार-सहा वेळा कटकट वाजलं आणि जोर लावलेला असताना पॉल दात्यांवरून उडाला. हात सरळ पत्र्याच्या कडेवर आपटला, बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलून निघाली. तिथे गरम एक्झॉस्ट असता किंवा गाडीखाली उताणा पडून मी तोंडाच्या दिशेने ओढत असतो, तर काय झालं असतं याचा विचार अजूनही नकोसा वाटतो.

मागची सर्कल क्लिप काढून रिंग उघडली. पॉलचे कोपरे चेपून गोल झालेले. त्याच्यावर कानस फिरवली तर लोण्यासारखी आत गेली, म्हणजे पोलादाला पाणी दिलेलंच नव्हतं. चांगल्या पॉलवर कानस घसरते. दाते मोजले तर ३६. उघड्या जबड्याला व्हर्निअर (बारीक मापं घेणारा कॅलिपर) लावला तर १७ च्या जागी १७.६ मिलिमीटर. एवढी ढिलाई असली की नटाचे कोपरे गोल होणारच.

दात्यांच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जाहिरातीत सगळा भर त्यावरच असतो. ७२ दाते म्हणजे दर ५ अंशांना एक पकड, ३६ म्हणजे १० अंशांना. अडचणीच्या जागी हा फरक मोठा आहे. पण दाते जास्त म्हणजे पाना मजबूत, असं नाही. त्याच आकाराच्या रिंगमध्ये दाते वाढले की प्रत्येक दाता बारीक होतो. काही चांगल्या कंपन्या ६० दात्यांवर दोन पॉल मागेपुढे बसवून १२० पकडी मिळवतात, आणि ते अगदी रास्त आहे. माझ्या रिंगमध्ये पॉल एकच होता.

विक्रेत्याची उत्तरं ठरलेली निघाली. आधी ‘तुम्ही पाइप लावून जोर दिला’, मग ‘ही नैसर्गिक झीज आहे’, मग ‘मूळ पॅकिंगसह स्वखर्चाने पाठवा’. त्यानंतर दुकानाचं पानच गायब. खऱ्या कंपनीला फोटो पाठवले, तर त्यांनी माल आपला नसल्याचं कळवलं. अभिप्राय पुन्हा नीट वाचले तेव्हा त्यातले कितीतरी भलत्याच वस्तूचे होते, एक तर टॉर्चबद्दल होता. जुन्या वस्तूच्या पानावर नवा माल चढवायचा आणि तिचे तारे फुकटात वापरायचे, अशी ही युक्ती.

म्हणून सेट घरी आला की त्याच दिवशी तपासा. रिंगमध्ये बोल्ट धरून एक पूर्ण फेरा फिरवा आणि कटकट मोजा. ७२ लिहिलं असेल तर ७२ भरली पाहिजे. उलट फिरवताना रिंग जड जात असेल तर सैल नटही तिच्याबरोबर मागे येतो, तो पाना घेऊ नका. जबडा मोजा. लोहचुंबकावर विसंबू नका. जस्त-ॲल्युमिनियमची भेसळ त्याला चिकटत नाही म्हणून उघडी पडेल, पण साधं लोखंड क्रोम व्हॅनेडियमइतकंच चिकटतं. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द तर कुणीही कशावरही ठोकू शकतो. सगळ्यात मोठा पाना आधी वापरा, छोटे मागून. आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ ठेवा.

पैसे परत मिळाले नाहीत. तक्रारीसाठी फोटो काढून झाल्यावर सगळ्या पान्यांच्या रिंगा मी ग्राइंडरने कापल्या आणि मगच सेट भंगारात दिला. अख्खा दिला असता तर कुणीतरी उचलून पुन्हा कामाला लावला असता.