पाळीव उंदरांच्या बाळंतपणात सोनाराचा काटा: काही महिने वापरल्यानंतर

उंदरीण पिल्लांना पुरेसं दूध देतेय का, हा प्रश्न पहिल्या बाळंतपणात झोप उडवतो. दूध डोळ्यांना दिसत नाही, आईला विचारता येत नाही. मी त्यासाठी एक छोटा डिजिटल काटा वापरते. थंडीतलं एक बाळंतपण आणि भर एप्रिलमधलं एक, दोन्ही त्याच काट्यावर पार पडली, म्हणून आता खात्रीनं लिहिते आहे.

काटा खिशात मावणारा, सोनारांकडे असतो तसला. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळाला, 500 रुपयांच्या आत. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवतो आणि 500 ग्रॅमपर्यंत पेलतो. स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही. तो 1 ग्रॅमच्या खालचं काही सांगत नाही, आणि नुकतं जन्मलेलं पिल्लू असतं जेमतेम 5-6 ग्रॅमचं. सुरुवातीला ते दिवसाला ग्रॅमभरच वाढतं. पारख करायला 2011 च्या मालिकेतलं 5 रुपयांचं नाणं ठेवावं, त्याचं वजन 6 ग्रॅम असतं. माझ्या काट्यानं तेव्हाही 6.0 दाखवलं आणि आजही दाखवतो.

वजन करताना पंखा बंद. नाहीतर आकडा स्थिरच होत नाही. वाटीत घरट्यातल्याच कागदाच्या पट्ट्या घालायच्या, शून्य करायचं, मग पिल्लं ठेवायची. एकेक पिल्लू वळवळतं, म्हणून मी सगळी एकत्र मोजते आणि भागाकार करते. एखादं मागे पडतंय असं वाटलं तरच ते वेगळं. आई खायला उठली की तेवढ्यात उरकायचं, झोपलेली असताना हात घालायचा नाही.

याला कारण आहे, आणि ते मला काट्यामुळेच नीट उमगलं. उंदरिणीला 12 आचळं असतात आणि पिल्लं त्यांना तासन्‌तास चिकटून असतात. बघणाऱ्याला वाटतं, दूध चालूच आहे. तसं नसतं. बराच वेळ नुसतं चोखणं चालतं. मग आईला डुलकी लागली की तिच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा एक झोत सुटतो आणि पान्हा येतो, तोही काही सेकंदांपुरता. त्या क्षणी सगळी पिल्लं एकदम हातपाय ताणून ताठ होतात. मग पुन्हा 5 ते 10 मिनिटं काही नाही. त्यामुळे आईला सारखं उठवणं म्हणजे पान्हा अडवणं. मला या सगळ्यात सर्वात मोलाचं वाटतं ते हेच.

दूध पाजण्याआधी आणि नंतर वजन करून ‘किती प्यायलं’ हे काढायच्या भरीस मात्र पडू नका. लहान पिल्लांना स्वतःहून लघवी होत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि ती लघवी आईच पिते. दुधातून गेलेलं बरंचसं पाणी असं तिच्याकडे परत येतं. म्हणजे पिल्लू दूध पिऊन जड होतं आणि आईनं चाटलं की हलकं. रोज ठरलेल्या वेळी एक वजन, एवढंच विश्वासाचं. पहिल्या काही दिवसांत तर काट्याहूनही सोपी खूण आहे: कातडी इतकी पातळ असते की पोटात डाव्या बाजूला दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. तो दिसला की निश्चिंत व्हावं.

आईचंही वजन करत जा. दूध देताना तिचा आहार नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि पाण्याची बाटली भराभर रिकामी होते. उंदराचं दूध फार दाट असतं, चरबी गाईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास. ते सगळं आईच्या अंगातून येतं. शेजारच्या आजी रोज विचारायच्या, “अगं, ओल्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू नाही द्यायचे?” लाडू नाहीत, पण त्यांचा मुद्दा खरा होता. नेहमीच्या खाद्यावर उकडलेलं अंडं आणि मोड आलेले मूग सुरू केले, तसं उतरलेलं वजन पुन्हा भरू लागलं.

एप्रिलमध्ये काट्याचा खरा उपयोग झाला. पिल्लांच्या उबेनं आईचं अंग तापतं आणि तापलं की ती त्यांना सोडून उठते. पुण्यात पारा 38-40 ला टेकला की ती घरट्यात टिकतच नाही. पिल्लांची वाढ मंदावल्याचं आकड्यांत दिसलं तेव्हा पिंजरा माडीवरून खाली माजघरात हलवला आणि शहाबादी फरशीचा एक तुकडा आत ठेवला. ती त्यावर पोट टेकून निवायची आणि परत घरट्यात जायची. वजनं पुन्हा वाढू लागली.

दोष आहेत. मिनिटभर हात लागला नाही की काटा आपोआप बंद होतो आणि शून्य पुसलं जातं. पिल्लांना पकडायच्या गडबडीत हे फार त्रास देतं. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू 40-50 ग्रॅमचं होतं, तेव्हा सगळी एकदम चढवली तर क्षमता संपते, दोन वाट्या कराव्या लागतात. वरची चकचकीत ताटली निसरडी आहे, खोलगट वाटी हवीच. पेन्सिल सेल मात्र भरपूर टिकतात.

घेताना 200 ग्रॅमवाला घेऊ नका, दूध देणारी मादी त्यावर मावत नाही. आणि बाळंतपणाआधीच घ्या. नर मात्र त्याआधीच वेगळा ठेवा, कारण विल्यानंतर दिवसभरातच मादी पुन्हा गाभण राहू शकते.