रीपर: अण्णांचे पाच अभंग आणि साखर पेठेतली माझी खोली

अण्णांचे पाच अभंग घरीच रेकॉर्ड केले आणि रीपर या आवाज रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या सॉफ्टवेअरवर मिक्स केले, म्हणजे सगळ्या वाद्यांचे ट्रॅक एकत्र जुळवले. आवाजाचा एक ट्रॅक, पेटीचे दोन, तबला, डग्गा आणि टाळ असे एकूण सहा. माझ्या इंटरफेसला, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीला, दोनच माइक जोडता येतात, म्हणून एकेक वाद्य वेगळं घेतलं.

एप्रिलच्या उकाड्यात बहात्तरीच्या अण्णांना पंखा बंद करून बसवणं मला जमेना. गाण्याआधी सगळे गप्प असताना नुसत्या पंख्याचा थोडा नमुना घेतला आणि तो रीपरमधल्या रीफर या आवाज गाळणाऱ्या प्लगइनला दाखवला. घरघर जवळजवळ गेली. गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट मात्र तशी निघत नाही. पंखा एकसारखा वाजतो, मागाचा ठोका क्षणाक्षणाला बदलतो. जोर लावून काढायला गेलो तर अण्णांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. शेवटी मागांना सुट्टी होती त्या दिवशी अण्णांना पुन्हा गायला बसवलं. ते काही सॉफ्टवेअरचं काम नाही, हे मला पटलं.

पेटीनं सगळ्यात जास्त शिकवलं. एक माइक पट्ट्यांकडे, दुसरा भात्याकडे. डावीउजवीकडे पसरल्यावर हेडफोनमध्ये सुरेख वाटलं. पण हा ट्रॅक भजनी मंडळाच्या भोंग्यावर वाजणार आणि भोंगा म्हणजे मोनो, डावंउजवं एकाच आवाजात मिसळलेलं. मास्टरवरचं मोनोचं बटण दाबलं, तर पेटीचा खर्जच गायब, नुसती चिरचिर उरली. दोन माइकांच्या लहरी एकमेकींना उलट पडून खर्ज खात होत्या. भात्याकडच्या ट्रॅकचं फेज, म्हणजे लहरीची दिशा, उलटवणारं बटण दाबलं आणि भरीवपणा परत आला. त्या एका बटणासाठी मी रीपरचा ऋणी आहे.

अण्णा वरच्या सुरात गेले की मान माइकपासून बाजूला घेतात. आवाजाचा चढउतार आपोआप कमी करणाऱ्या नुसत्या कंप्रेसरनं ते सावरत नाही, म्हणून व्हॉल्यूमची रेघ ओळीओळीला हातानं वरखाली केली. एका अभंगाला दोन संध्याकाळी गेल्या. पहिलं मिक्स ऐकून अण्णा म्हणाले, "टाळ खाली घे की रे, शब्द झाकलाय." टाळाच्या ट्रॅकवर रीईक्यू हे आवाजाचे उंच-खालचे भाग कमीजास्त करणारं रीपरचं प्लगइन लावून ५,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग ४ डेसिबलनं उतरवला. तेव्हा शब्द मोकळे झाले. आवाजाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, सतरंजीवर पाय आपटल्याची धपधप त्यातच गेली.

त्रास सुरुवातीला होतो. मेनू इतके की पहिला आठवडा शोधाशोधीतच जातो आणि मदतीची पानं इंग्रजीत. तयार वाद्यांचे आवाजही सोबत येत नाहीत. मला ते नकोच होते, पण घरबसल्या कीबोर्डवर गाणं रचणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं.

शेवटचा स्टिरिओ ट्रॅक २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये काढला आणि मंडळासाठी एमपी३ वेगळी दिली. रीपर ६० दिवस सगळं फुकट वापरता येतं, त्यानंतरही ते बंद पडत नाही, उघडताना पैसे भरायची आठवण करतं. वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. अण्णांचा तिसरा अभंग पुरा झाला त्या रात्री मी तो घेतला.