फॉरमॅट न मारता काट्याचा कॉम्प्युटर नीट करून दिला

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते. केबिनमधला कॉम्प्युटर जुन्या विंडोज एक्सपीवरचा, कारण आमच्या काट्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. वजन झालं की नोंद केबलने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जाते. या कामात इंटरनेट लागतच नाही.

तरी यंदा दर चार-पाच पावत्यांमागे डायल-अपची, म्हणजे इंटरनेट जोडू का विचारणारी खिडकी समोर यायची, कोणतं कनेक्शन वापरायचं म्हणून विचारायची. ती बंद करेपर्यंत पावती अडकलेली. मागून ट्रॅक्टरवाला विचारतोय, "भो, कितला येळ लागी आते?" पहाटे चारला घरून निघालेला माणूस तो, त्याला काय उत्तर द्यावं?

आधी ज्यांना दाखवलं त्यांनी फॉरमॅट मारायला सांगितलं. म्हणजे काट्याचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला कंपनीचा माणूस बोलवा, तेही ऐन हंगामात.

मग जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला फोन केला. तिथून आलेल्या मुलाने सगळ्यात आधी ती खिडकी पूर्ण वाचली. आम्ही महिनाभर नुसतं कॅन्सल दाबत होतो. तिच्यात आमच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव होतं! त्याने समजावलं ते असं : ऑफिसचा कॉम्प्युटर नावाने सापडला नाही, की विंडोजला वाटतं तो बाहेर इंटरनेटवर आहे, आणि ते डायल करायला निघतं. आमच्या नेटच्या डोंगलचं कनेक्शनही विंडोजच्या लेखी डायल-अपच. ते काढून टाकता येत नव्हतं, कारण शनिवारी मेल त्यावरूनच पाठवतो.

त्याने इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्सवर जाऊन 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडलं. मग सर्व्हिसेसमध्ये आपोआप डायल करणारं 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' बंद करून डिसेबल केलं. दोन्ही कॉम्प्युटरना १९२.१६८ ने सुरू होणारे कायमचे आयपी, म्हणजे नेटवर्कमधले पत्ते दिले आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव व आयपी काट्याच्या कॉम्प्युटरवरच्या होस्ट्स फाइलमध्ये एका ओळीत लिहिलं, म्हणजे तो नावाने लगेच सापडतो. शेवटी दोन्ही कॉम्प्युटरच्या केबल जिथे जोडतात तो नेटवर्कचा स्विच उघडून बघितला. पोर्टमध्ये रुईचे तंतू गच्च बसलेले, केबलची पिन सैल. नेटवर्क मध्येच तुटायचं ते यामुळे. पिन नवी लावली. डोंगल आता हाताने जोडला तरच लागतो.

आणखी एक गोष्ट त्याने न विचारता सांगितली. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, म्हणून हे मशीन आपोआप नेटवर जाणं वाईटच. शनिवारचं मेलही ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पाठवा म्हणाला. ते आम्ही सुरू केलंय.

पैसे ६०० घेतले, जाण्यायेण्याचे धरून. मला ते रास्त वाटले. तक्रार एकच आहे. मंगळवारी येतो म्हणून बुधवारी दुपारी आला आणि मधे फोन उचलला नाही. हंगामात एक दिवस म्हणजे आमच्याकडे पन्नास-साठ गाड्या. उशीर होणार असेल तर तसं कळवावं, आम्ही हाताने पावत्या फाडायची तयारी ठेवतो.

काम होऊन तीन आठवडे झाले, ती खिडकी परत दिसलेली नाही. जिनिंग, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, जिथे जुनं मशीन नेटवर्कवर आहे त्यांनी फॉरमॅट मारण्याआधी यांना दाखवावं. आणि बोलावताना खिडकीत काय लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आमचा निम्मा वेळ ती पुन्हा कधी उघडते याची वाट बघण्यात गेला.