फर्निचर शोरूममध्ये हललेलं आमचं वाचनालय

जुनी इमारत धोकादायक ठरली. ती उतरवून नवीन बांधून होईपर्यंत आमचं सार्वजनिक वाचनालय बंद झालेल्या एका फर्निचर शोरूमच्या तळमजल्यावर हललं आहे. ओळखीतले बरेच सभासद अजून तिकडे फिरकलेले नाहीत. "नवीन इमारत झाली की जाऊ" म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आत्ताच जा. पुस्तकं मिळतात, माणसं तीच आहेत आणि काही गोष्टी जुन्या जागेपेक्षाही बऱ्या झाल्या आहेत. बालविभागावर मात्र माझा राग आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

आधी जागेविषयी. मी इमारतींच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं काम करते, त्यामुळे तळमजला म्हटल्यावरच मला हायसं वाटलं. पुस्तकांचं वजन किती असतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. एक मीटर लांबीच्या फळीवर साधारण पंचवीस-तीस किलो पुस्तकं बसतात. दोन्ही बाजूंना सहा-सहा फळ्या असलेली मांडणी भरली की सहज तीनशे किलोंवर जाते, आणि अशा मांडण्या एकीमागे एक ओळीने उभ्या करायच्या असतात. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो भाराच्या हिशेबाने काढतात. ग्रंथालयात मांडण्या ठेवायच्या खोलीला ६०० किलो किंवा त्याहून जास्त धरावे लागतात. म्हणून रिकामा हॉल दिसला की लावा तिथे पुस्तकं, असं करता येत नाही. आधी दुसऱ्या मजल्यावरच्या एका जागेची चर्चा होती. ऐसपैस होती, उजेडही छान होता. ग्रंथपाल मॅडमनी ती नाकारली तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

तळमजल्याचा आणखी एक फायदा आमच्या घरातच दिसतो. माझे सासरे, नाना, गुडघ्यांमुळे जुन्या इमारतीच्या पायऱ्या चढू शकत नव्हते. त्यांचं वाचनालयात जाणं बंदच झालं होतं. आता ते रोज सकाळी काठी घेऊन निघतात आणि सगळी वर्तमानपत्रं वाचून परततात. शोरूमच्या दारात सोफे-कपाटं आत ढकलत न्यायला केलेला उतार आहेच, त्यामुळे चाकाची खुर्चीसुद्धा विनासायास आत जाते.

उजेडाचं जरा विचित्र आहे. शोरूमचे दिवे एकेका पलंगावर किंवा टेबलावर झोत पडावा म्हणून लावलेले असतात. पहिले काही दिवस मांडण्यांच्या मधल्या गल्लीत अंधार आणि मोकळ्या फरशीवर लख्ख प्रकाश, अशी तऱ्हा होती. आता गल्ल्यांवर लांब ट्यूब बसवल्या आहेत. समोरची सबंध भिंत काचेची असून पश्चिमेला आहे. दुपारच्या उन्हात पुस्तकांचे कणे भराभर फिके पडतात, लाल आणि गुलाबी रंग तर सगळ्यात आधी जातात. म्हणून मांडण्या मागच्या भिंतीकडे नेल्या आहेत आणि काचेपाशी वाचनाची टेबलं ठेवली आहेत. पुस्तकांना सावली आणि वाचणाऱ्याला उजेड, हे कुणीतरी विचार करून केलेलं काम आहे.

स्थलांतर ज्या पद्धतीने झालं, त्याला तर मी पूर्ण गुण देईन. जुनी जागा बंद व्हायच्या आधी एका सभासदाला एका वेळी नेता येणाऱ्या पुस्तकांची मर्यादा वाढवली, आणि ती परत करायची थेट नव्या जागेत. घरोघरी गेलेली तेवढी पुस्तकं हलवायचं कामच उरलं नाही. बाकीची पुस्तकं भरताना प्रत्येक खोक्यावर मांडणीचा क्रमांक, फळीचा क्रमांक आणि आतल्या पुस्तकांपैकी पहिल्या व शेवटच्या पुस्तकाचा वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेला क्रमांक, लिहिला होता. खोकी छोटीच घेतली होती, कारण मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की दोघांनाही उचलत नाही. जाड बांधीव खंड आडवे ठेवले होते. पानांच्या कडेवर उभा ठेवलेला जड खंड स्वतःच्या वजनाने कण्यापासून सुटतो आणि मग बाइंडिंगचा खर्च मागे लागतो. परिणाम असा की दारं उघडली त्या दिवशी पुस्तकं ओळीने जागच्या जागी होती. ड्यूई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देऊन, लावलेली मांडणी असली की हेच तर हवं असतं. १८७६ पासून वापरात असलेल्या त्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला सापडतं, मग ते कुठल्याही इमारतीत असो. सवयीने वाचणाऱ्या माणसाला जागा बदलली तरी शेजार ओळखीचा मिळतो.

मात्र सगळी पुस्तकं इथे मावलेली नाहीत. अंदाजे निम्मी गोदामात आहेत आणि ती चिठ्ठी भरून मागवावी लागतात. गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. या व्यवस्थेची मला धास्ती होती, कारण एकदा गोदामात गेलेलं पुस्तक हळूहळू विस्मरणात जातं. पण इथे एक छान युक्ती केली आहे. हॉलमधल्या फळ्यांवर जिथे-जिथे पुस्तकं कमी केली आहेत, तिथे पुस्तकाएवढ्या जाड पुठ्ठ्याच्या उभ्या पाट्या खोचल्या आहेत. कण्याच्या बाजूला वर्गांक आणि खाली ठळक अक्षरांत "आणखी पुस्तकं गोदामात". पाटी बाहेर ओढली की तिच्यावर त्या विषयाची यादी चिकटवलेली मिळते. ६२४ ला, म्हणजे माझ्या कामाच्या स्थापत्य विभागात, अशी पाटी ओढली तर पाया आणि मातीच्या धारणक्षमतेवरचं एक जुनं पुस्तक यादीत दिसलं. ते या वाचनालयात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. चिठ्ठी भरून दिली. काउंटरवरच्या काकांनी ती वाचून सांगितलं, "ताई, हे शुक्रवारच्या गाडीत येईल. आलं की फोन करतो." शुक्रवारी दुपारी फोन आला.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली. त्यांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. तीन दिवस थांबावं लागलं तरी फोन येतो, खेप फुकट जात नाही, म्हणून या सूत्राला इथे जागलेत असं मी म्हणेन.

मॅडमनी एकदा गोदामही दाखवलं. खोकी थेट जमिनीवर नाहीत, लाकडी पॅलेटवर आहेत आणि भिंतीपासून हातभर लांब. भिंतीला ओल आली तर ती पुस्तकांपर्यंत पोचू नये आणि वाळवीची माती चढली तर लगेच दिसावी, यासाठी. आर्द्रता मोजायचं यंत्र लावलेलं आहे, रोजचा आकडा वहीत लिहितात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, म्हणून आकडा ६० च्या पुढे गेला की पंखे चालू करायचे असं ठरलेलं आहे. पुस्तकं बांधून ठेवली आणि विसरून गेले, असं काही इथे झालेलं नाही.

आता बालविभाग.

जुन्या इमारतीत मुलांना वेगळी खोली होती. बुटक्या फळ्या, बसायला सतरंजी, दार लावून घेतलं की हसण्या-भांडण्याचा आवाज बाहेर येत नसे. इथे वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एक चटई आणि दोन छोट्या मांडण्या आहेत. बस्स. वर जिप्समचं सपाट छत आणि खाली गुळगुळीत फरशी, त्यामुळे साधं बोललं तरी आवाज घुमतो. मग वर्तमानपत्रातून डोकं वर काढून कुणीतरी "शूऽऽ" करतं. यात त्या ज्येष्ठांची चूक नाही, त्यांना शांतता हवीच. पण सात वर्षांची माझी लेक आधी तासभर रमायची, ती आता एक पुस्तक उचलते आणि "आई, चल" म्हणते. तिच्या बरोबरीची बाकीची मुलं तर येईनाशीच झाली आहेत.

त्याहून वाईट म्हणजे बालविभागाची बहुतेक पुस्तकं गोदामात आहेत. मला उत्तम वाटलेली ती चिठ्ठीची पद्धत मुलांच्या काही कामाची नाही. मला पायाभरणीवरचं पुस्तक हवं आहे हे मला माहीत असतं. मुलाला काय हवं आहे ते मुलालाच माहीत नसतं. ते फळीसमोर उकिडवं बसतं, पाच पुस्तकं ओढतं, चार टाकून देतं आणि पाचव्याच्या मुखपृष्ठावरच्या घुबडाकडे बघत राहतं. माझ्या मुलीला पक्ष्यांचा नाद असाच लागला. ५९८ हा पक्ष्यांचा वर्गांक आहे हे तिला कुणी शिकवलं नाही, ती फळी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होती एवढंच. तिने चिठ्ठीवर काय लिहायचं?

मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जागा तात्पुरती आहे हो, थोडी कळ काढू या." त्यांची अडचण मला कळते. पण तात्पुरतं म्हणजे किती, याचा अंदाज दुसरीकडचा अनुभव बघून घ्यावा. इंग्लंडमधल्या नॉरिचचं मध्यवर्ती ग्रंथालय १ ऑगस्ट १९९४ रोजी जळालं, आणि नवीन ग्रंथालय उघडलं २००१ मध्ये. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर मध्यवर्ती ग्रंथालय बंद झालं. शहराने छोट्या तात्पुरत्या शाखांवर दिवस काढले आणि तुरांगा हे नवं ग्रंथालय ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. दोन्हीकडे सात-सात वर्षं. आग आणि भूकंप आमच्याकडे झालेले नाहीत, काम लवकर होईल अशी मला मनापासून आशा आहे. पण समजा तेवढा वेळ लागला, तर माझी मुलगी तोवर चौदा वर्षांची होईल. बालविभागाचं तिचं वय या चटईवरच संपेल. नानांच्या बाबतीतही तेच, थोडी कळ काढा असं त्यांना कुणी सांगू शकेल का?

तक्रार करून थांबायचं नाही म्हणून मी हॉल मोजला. उजव्या भिंतीला चार पूर्ण मांडण्या जुन्या राजपत्रांच्या बांधीव खंडांनी भरल्या आहेत. राजपत्र मागायला येणारा माणूस तारीख आणि क्रमांक घेऊनच येतो, त्याला फळीसमोर उभं राहून चाळायचं नसतं. गोदामासाठी याहून योग्य पुस्तकं नाहीत. नाव घेऊन मागितलं जातं ते गोदामात जाऊ द्या, नजरेला पडल्यावरच घेतलं जातं ते हॉलमध्ये ठेवा. ते खंड हलले तर चार मांडण्यांची जागा मुलांना मिळते. शिवाय मागच्या बाजूला माल उतरवायची एक खोली आहे, तिला दार आहे, खिडकी आहे आणि आत सध्या जुन्या इमारतीतली मोडकी कपाटं भरून ठेवली आहेत. ती रिकामी केली तर मुलांना पुन्हा बंद दाराआड मोठ्याने वाचता येईल आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावरही शांतता राहील. जमिनीच्या भाराचा प्रश्न नाही, तळमजलाच आहे. भिंत फोडायची नाही, नवं काही बांधायचं नाही.

हे सगळं एका कागदावर नकाशा काढून कार्यकारी मंडळाला दिलं आहे. मॅडमनी तो नीट पाहिला, कपाटांच्या खोलीची किल्ली मागवून माझ्यासोबत आत जाऊनही आल्या. मंडळाचं उत्तर अजून यायचं आहे.

आणखी एक मागणी. दारावर "नवीन इमारत लवकरच" असा फलक आहे. त्याऐवजी काम कुठपर्यंत आलं ते दर महिन्याला लिहावं. पाया, जोता, पहिला स्लॅब, जे असेल ते. सभासदांनी वर्षानुवर्षं वर्गणी भरली आहे, त्यांना एवढं कळायला हवं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. स्वच्छतागृह स्वच्छ आहे. पिण्याच्या पाण्याची सोय चांगली आहे. अभ्यासिकेच्या मुलांना खुर्च्या कमी पडतात, परीक्षेच्या दिवसांत लवकर जागा धरावी लागते. मासिकांचे मागचे अंक सगळे गोदामात आहेत, पण चालू अंक वेळेवर लागतात.

पाचपैकी गुण द्यायचे तर प्रौढ वाचकासाठी साडेचार, मुलांसाठी दोन. गेलात तर जुनं सभासद कार्ड न्या, तेच चालतं. गोदामातलं पुस्तक हवं असेल तर चिठ्ठी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत द्या, म्हणजे पुढच्या गाडीत येईल. आणि बालविभागाच्या खोलीसाठीचा अर्ज काउंटरवर काकांकडे ठेवला आहे. घरात मूल असो वा नसो, सभासद असाल तर त्यावर सही करा.