शनिवार-रविवार की पंधरवड्याचा मुक्काम? कोकणातल्या मिश्र एम.ए., एम.एस्सी.चा आराखडा

नोकरदारांसाठी पदव्युत्तर वर्ग काढायचा, थोडा ऑनलाइन, थोडा वर्गात, असं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या कॉलेजानं मनावर घेतलं की बैठकीत पहिली सूचना ठरलेली असते: "शनिवारी बोलवू, बाकीचं ऑनलाइन." ऐकायला छान वाटतं. आधी तास मोजा.

मुंबई विद्यापीठाच्या नव्या रचनेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 88 क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) आहेत, म्हणजे सत्राला 22. ज्या सत्रात त्यातली 4 प्रकल्पाला किंवा ऑन जॉब ट्रेनिंगला (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) जातात, तिथं उरतात 18. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे 270 तास झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या मिश्र अध्यापनावरच्या टिपणात प्रत्येक विषयाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन सुचवला होता. तेच प्रमाण धरलं तर 162 तास वर्गात घ्यावे लागतात. सत्राच्या पंधरा शनिवारांत ते बसवायचे तर दिवसाला जवळपास 11 तास! प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला तर 30 तास लागतात. तेव्हा नुसत्या शनिवारचा विषय इथेच मिटला.

उरले तीन पर्याय: शनिवार-रविवार दोन्ही दिवस साडेपाच तास, सत्रात दोनदा तेरा-चौदा दिवसांचा मुक्कामी वर्ग (रोज 6 तास), किंवा वर्गात कॅमेरा लावून निम्मे समोर, निम्मे घरी.

तिसऱ्यावर फार वेळ घालवू नये. गुहागरच्या एखाद्या वाडीतला विद्यार्थी मोबाइलवर फळा बघतो. मागच्या बाकावरून कोणी शंका विचारली की त्याला फक्त सरांचं उत्तर ऐकू येतं, प्रश्न येत नाही. सर कॅमेऱ्याकडे वळले की समोरची मुलं सुटतात. शिवाय पावसाळ्यात लाईट गेली, ती लांबली, की टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकरांनी आठवडेच्या आठवडे हे भोगलंय. कागदावर सगळ्यांची सोय बघणारा हा पर्याय इथे कोणाच्याच सोयीचा नाही.

खरी निवड पहिल्या दोनांत आहे, आणि ती विषयापेक्षा विद्यार्थी कुठून येणार यावर ठरते. रत्नागिरी शहर, पाली, लांजा, संगमेश्वर इथलेच विद्यार्थी असतील तर शनिवार-रविवार चालेल. संध्याकाळी घरी जाता येतं. ज्या बाईचं मूल लहान आहे तिला चौदा रात्री बाहेर काढणं जमणारच नाही, तिच्यासाठी हाच मार्ग. पण मंडणगड किंवा दोडामार्गहून येणाऱ्याचा निम्मा दिवस एसटीत जातो. वस्तीची गाडी सकाळी चुकली की पहिली दोन लेक्चरं गेलीच. त्यातून विद्यार्थ्यांत जी शिक्षक मंडळी असतील त्यांना रविवारीही निवडणुकीची, परीक्षेची कामं लागतात. अशी बॅच दिवाळीपर्यंत निम्मी उरते, असा माझा अंदाज.

मुक्कामी वर्गाला सलग रजा लागते, हॉस्टेल लागतं, खर्च वाढतो. तरी माझं मत त्याच बाजूला. मत्स्यविज्ञानासारखा विषय घ्या. पहाटे रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर टोपल्या उतरताना कल्ले उघडून रंग बघायचा, मासा बोटानं दाबायचा, आडव्या रांगांत ठिपके असलेली सुरमई आणि उभ्या पट्ट्यांची सुरमई वेगळी काढायची, आणि तोच मासा नऊ वाजता प्रयोगशाळेत टेबलावर घ्यायचा. हे सलग दहा दिवस केलं की हात बसतो. शनिवारी शिकलेलं पुढच्या शनिवारपर्यंत पुसलं जातं. एम.ए.लाही चर्चेला असाच सलगपणा लागतो. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत जे वाद होतात ते कुठल्या वेळापत्रकात बसवणार?

अडचण आहे ती तारखांची. जुलै नको: 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, 2024 च्या जुलैत खेडजवळ दरड येऊन कोकण रेल्वे थांबली. गणपतीत कोणी येणार नाही हे सांगायला नको, आणि शिमग्यात तर पालखी दारात असताना वर्ग भरवणारा प्राचार्य मला दाखवाच. मे महिन्यात शिक्षकांना सुट्टी असते, हॉस्टेलही रिकामं असतं, पण बागायतदाराच्या घरात तेव्हा आंब्याच्या पेट्या भरायची घाई. म्हणून पहिल्या सत्राचा मुक्काम गणपतीनंतर आणि दिवाळीच्या सुट्टीत, दुसऱ्याचा जानेवारीत आणि शिमग्याआधी. रजेची अडचण तरी उरतेच. तारखा प्रवेशाच्या माहितीपत्रकातच छापा, म्हणजे माणूस वर्षभर आधी साहेबाशी बोलून ठेवतो.

ऑनलाइन भागात दीड तासाची लाइव्ह लेक्चरं ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग, उतरवून ठेवता येईल इतक्या कमी साइजचं, सोबत पीडीएफ. आठवड्यातून एकच संध्याकाळ शंकांसाठी, तीही फोनवरून नुसता आवाज पुरेल अशी.

आणि ज्याला फक्त पदवीचा कागद हवाय, त्यानं या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. यूजीसीनं 2022 मध्ये मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या असल्याचं जाहीर केलंय. त्याच्यासाठी मुक्त विद्यापीठ स्वस्त पडेल.